सीट कुणाची? श्रीलंकेला विचारा!

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर, मेसच्या भाजीला शिव्या घालून झाल्या की दोन विषय हमखास निघतात. एक क्रिकेट आणि दुसरा 'सीट'. कोण कुठल्या कोट्यातून आला, कुणाला किती मार्क होते, कुणाची सीट 'खरी मेरिटची' आणि कुणाची 'तसली'. क्रिकेटच्या वादात निदान स्कोअरकार्ड तरी असतं. सीटच्या वादात जो तो स्वतःच बॅट्समन आणि स्वतःच अंपायर! शेवटी कुणीतरी "जाऊ दे यार, आपल्या देशाचं काही खरं नाही" म्हणतं आणि सगळे झोपायला जातात. प्रश्न मात्र जागाच राहतो.

म्हणून मित्रांनो, या वेळी आपला देश थोडा बाजूला ठेवू आणि शेजारी डोकावू. जयसूर्या, मुरलीधरन, संगकारा ही नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, पण ही मंडळी ज्या देशातल्या शाळांत शिकली त्या देशाची शिक्षणपद्धती आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? श्रीलंका हा बौद्ध बहुसंख्य असलेला छोटासा देश. तिथे बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचं सरकारी शिक्षण फुकट आहे, इंजिनिअरिंग आणि मेडिकलसुद्धा! आणि 'सीट कुणाची' या आपल्या लाडक्या प्रश्नावर त्या देशाने एकदा शहाणपणाचं उत्तर दिलं, एकदा भयंकर चुकीचं दिलं, आणि दोन्हींचे परिणाम भोगले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मागे राहिलेल्याला झुकतं माप देणं हा गुन्हा नाही. पण ते माप कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि उघडपणे ठरवतं का, यावर समाज जोडला जातो की फाटतो हे अवलंबून असतं.

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, एम-थ्रीपेक्षा बरा आहे!

श्रीलंकेत शिक्षणाचं जुनं घर म्हणजे 'पिरिवेन', अर्थात बौद्ध विहाराला जोडलेली पाठशाळा. भिक्षू शिकवायचे, पाली-संस्कृत चालायचं. इंग्रजांच्या काळात ही परंपरा मागे पडली, तेव्हा १८७३ साली कोलंबोत विद्योदय आणि दोनच वर्षांनी तिथून जवळच विद्यालंकार ही पिरिवेनं निघाली. यातल्या विद्योदयाशी मराठी माणसाचं एक नातं आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म मुळातून शिकायचा म्हणून घर सोडून निघाले, अतोनात हाल सोसत १९०२ साली सिलोनला पोचले आणि विद्योदयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले. खिशात पैसा नसलेल्या परक्या माणसालाही तिथे शिकायला जागा मिळाली. पुढे १९५९ साली ही दोन्ही पिरिवेनं विद्यापीठं झाली. आज ती श्री जयवर्धनपुर आणि केलनिया या नावांनी ओळखली जातात.

पण इंग्रजी राज्यात नोकरी हवी तर पाली शिकून भागत नव्हतं, इंग्रजी लागायची. इंग्रजी शाळा होत्या मिशनऱ्यांच्या, आणि त्यांना फी होती. १८८० साली अमेरिकेहून आलेल्या कर्नल ऑल्कॉट यांच्या प्रेरणेने बौद्धांनी स्वतःच्या आधुनिक शाळा काढायला सुरुवात केली. कोलंबोचं आनंद कॉलेज, कँडीचं धर्मराज, गॉलचं महिंद ही त्यातली नामांकित नावं. तरीही चित्र साधारण असंच राहिलं, की शहरातल्या पैसेवाल्यांना इंग्रजी शाळा आणि खेड्यातल्या पोरांना सिंहली किंवा तमिळ माध्यमाची साधी शाळा. एका शाळेतून बाहेर पडणारा साहेब होणार आणि दुसरीतून बाहेर पडणारा फार तर गावचा मास्तर.

हे चित्र उलटवणारा माणूस म्हणजे सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर. अंबलंगोडाजवळच्या खेड्यातला मुलगा, हुशारीवर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गॉलच्या रिचमंड कॉलेजात शिकू शकला. हाच माणूस १९३१ ते १९४७ अशी सोळा वर्षं सिलोनचा शिक्षणमंत्री होता. लक्षात घ्या, सिलोनमध्ये १९३१ सालीच सर्व प्रौढांना, बायकांसकट, मताचा अधिकार मिळाला होता. मत सगळ्यांना आणि शिक्षण मूठभरांना, हे फार काळ चालणार नव्हतं. कन्नंगरांच्या समितीचा अहवाल १९४३ साली आला, त्यावर रण माजलं. फुकट दिलं तर किंमत राहणार नाही, पैसा कुठून आणणार, सगळेच शिकले तर शेतात कोण राबणार... म्हणजे सगळे आक्षेप आपल्याही ओळखीचे! पण शेवटी १ ऑक्टोबर १९४५ पासून मोफत शिक्षण लागू झालं. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून दोन-अडीच वर्षं अवकाश होता!

कन्नंगरांनी नुसती फी माफ केली नाही. खेडोपाडी 'मध्य महाविद्यालय' नावाच्या मोठ्या शाळा काढल्या. त्यांत प्रयोगशाळा होत्या, ग्रंथालयं होती आणि वसतिगृहंही होती. पाचवीला शिष्यवृत्तीची परीक्षा ठेवली. जो गरीब पोरगा ती पास होईल त्याचं राहणं-खाणं सरकारकडे. म्हणजे आज आपण ज्याला होस्टेल म्हणून नावं ठेवतो, त्या होस्टेलला या माणसाने समतेचं यंत्र केलं. पुढच्या सरकारांनी १९८० पासून पाठ्यपुस्तकं आणि १९९३ पासून गणवेशही फुकट दिले. आज त्या देशात साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर आहे आणि मुली शिक्षणात मुलांच्या मागे नाहीत. गरीब देश असूनही हे साधलं. आणि कन्नंगरांचं काय झालं? १९४७ च्या निवडणुकीत पडले! असो.

इथवर गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

शाळा फुकट झाल्या, शिकवण्याची भाषा सिंहली आणि तमिळ अशी मातृभाषा झाली. साहजिकच दहावी-बारावीपर्यंत पोचणाऱ्यांचा लोंढा वाढला. तिथे अकरावी इयत्तेच्या शेवटी 'ओ लेव्हल' आणि तेरावीच्या शेवटी 'ए लेव्हल' अशा दोन परीक्षा असतात. ए लेव्हलवर विद्यापीठाचा प्रवेश. पण शाळांच्या वेगाने विद्यापीठातल्या जागा वाढल्या नाहीत. तळाला दरवाजा सताड उघडा आणि वर जाणारा जिना जेमतेम एक माणूस जाईल एवढा. आजही पात्र ठरलेल्यांपैकी साधारण पाव हिश्शालाच सरकारी विद्यापीठात जागा मिळते. त्यात इंजिनिअरिंगच्या जागा म्हणजे पेराडेनिया, मोरटुवा अशा मोजक्या ठिकाणच्या. पेराडेनियाची इंजिनिअरिंग फॅकल्टी १९५० साली कोलंबोत सुरू झाली आणि १९६४ साली कँडीजवळ महावेली नदीकाठच्या त्या देखण्या कॅम्पसवर गेली. मोरटुवाजवळ कटुबेड्डाला १९६० च्या दशकात तंत्रनिकेतन वाढत वाढत तंत्रमहाविद्यालय झालं, १९७८ साली स्वतंत्र विद्यापीठ. जागा तुटपुंज्या आणि स्वप्नं ढीगभर.

बरं, या जागांवर पोचत कोण होतं? उत्तरेकडचा जाफना हा तमिळांचा प्रदेश. पाणी कमी, जमीन कमी. पण तिथे १८१६ पासून अमेरिकन मिशनने शाळा काढल्या होत्या. (आपल्याकडे मुंबई-नगरला ज्या अमेरिकन बोर्डाने मराठी मिशन चालवलं, तेच हे बोर्ड.) शेती पिकत नाही तर शिका आणि नोकरी धरा, हा जाफन्याचा दीड शतकाचा रिवाज. त्यामुळे विज्ञान-गणिताचे उत्तम शिक्षक आणि प्रयोगशाळा जाफना आणि कोलंबोत, तर बाकी बेटावर खडखडाट. परिणामी १९६९-७० साली इंजिनिअरिंगच्या प्रवेशात जवळजवळ निम्मे विद्यार्थी तमिळ होते. लोकसंख्येत मात्र श्रीलंकन तमिळ साधारण अकरा टक्के.

आता तुम्ही शिक्षणमंत्री असता तर काय केलं असतं? एक सरळ उत्तर म्हणजे जिथे प्रयोगशाळा नाहीत तिथे त्या उभारायच्या. पण त्याला पैसा लागतो, दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि निवडणूक तर पाच वर्षांनी येते! शिवाय सिंहली बहुसंख्याकांमध्ये कुजबुज होती, की तमिळ परीक्षक आपल्या पोरांना भरभरून मार्क देतात. मग १९७० साली सत्तेवर आलेल्या सरकारने शॉर्टकट मारला. माध्यमानुसार वेगवेगळी कट-ऑफ लावली. पेराडेनियाच्या इंजिनिअरिंगला ४०० पैकी सिंहली माध्यमाच्या मुलाला २२७ मार्क पुरे, तमिळ माध्यमाच्या मुलाला २५० हवेत. मेडिकलला हेच २२९ आणि २५०. पेपर एकच, प्रयोगशाळेची परीक्षा एकच, इंजिनिअरिंगचं शिक्षण दोघांनाही पुढे इंग्रजीतच. फरक फक्त तुम्ही कुठल्या भाषेत उत्तरं लिहिली एवढाच! पुढे १९७३ मध्ये माध्यमवार गुणांचं 'प्रमाणीकरण' असं भारदस्त नाव देऊन हीच गोष्ट आकडेशास्त्राच्या कपड्यात बसवली. १९७४ पर्यंत इंजिनिअरिंगमध्ये तमिळांचं प्रमाण साधारण सहात एकावर आलं.

हे वाचून कुणी लगेच "बघा, म्हणून आरक्षण वाईट" असं ओरडू नये. नीट बघा चूक कुठे झाली. मागासपण मोजायचं तर मागासपणच मोजायला हवं होतं. आपल्याकडे जातीमुळे पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, म्हणून जात हेच त्या वंचनेचं माप ठरतं. श्रीलंकेत १९७१ ला भाषा हे कशाचं माप होतं? कोलंबोतल्या श्रीमंत शाळेतला सिंहली मुलगा वंचित नव्हता, त्यालाही कमी कट-ऑफ. आणि पूर्वेला बट्टिकलोआच्या खेड्यातली, प्रयोगशाळा कधी डोळ्यांनी न पाहिलेली तमिळ माध्यमाची पोरगी जाफन्याच्या नामवंत शाळेइतकीच 'पुढारलेली' ठरली, तिला २५० च हवेत! म्हणजे हे झुकतं माप दुबळ्याकडे झुकलेलंच नव्हतं, ते ज्याच्या हातात तराजू होता त्याच्याकडे झुकलेलं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याचा परिणाम? जाफन्यातल्या ज्या पिढीला 'अभ्यास कर, सगळं मिळेल' असं आजोबा-पणजोबांपासून शिकवलं होतं, तिला एका सकाळी कळलं की अभ्यास करूनही मिळणार नाही. या प्रश्नावर तमिळ विद्यार्थ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि त्यांतली काही पोरं पुढे बंदुकीकडे वळली. श्रीलंकेचं यादवी युद्ध फक्त प्रवेशामुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही. १९५६ चा 'फक्त सिंहली' कायदा होता, जमिनींचे वाद होते, दंगली होत्या. पण तरुणांच्या मनात ठिणगी पडली ती इथे, हे अभ्यासक मानतात. १९८१ साली जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आलं, नव्वद हजारांहून जास्त पुस्तकं आणि जुन्या पोथ्या राख झाल्या. शिक्षणावर ज्या गावाचा जीव होता त्याच्या नेमक्या जिवावर घाव! १९८३ ला युद्ध भडकलं ते २००९ पर्यंत चाललं.

आणि दुसऱ्या बाजूला सिंहली तरुण तरी सुखी झाले का? तेही नाही. खेड्यातली शिकलेली, सिंहली माध्यमातून पदवीपर्यंत गेलेली पण नोकरी नसलेली पोरं एप्रिल १९७१ मध्ये जेव्हीपीच्या झेंड्याखाली सशस्त्र बंड करून उठली. हजारो मेली. १९८७ ते ८९ मध्ये पुन्हा तेच, त्याहून भयानक. म्हणजे फुकट शिक्षणाने दार उघडलं, पण आत गेल्यावर खुर्ची नाही आणि बाहेर पडल्यावर काम नाही. शिक्षण दिलं की प्रश्न सुटतो असं मानणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आता शहाणपणाचं उत्तर. १९७४ पासून हळूहळू माध्यमाऐवजी जिल्हा हे माप आलं. त्यात बरेच बदल होत होत आजची पद्धत अशी बनली आहे. कला शाखा सोडून इतर बहुतेक अभ्यासक्रमांना ४० टक्के जागा अख्ख्या बेटाच्या गुणवत्तेवर. ५५ टक्के जागा पंचवीस जिल्ह्यांना लोकसंख्येनुसार वाटून, त्या त्या जिल्ह्यातल्या गुणवत्तेवर. आणि ५ टक्के शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या सोळा जिल्ह्यांना जादा. आता बट्टिकलोआची ती पोरगी जाफन्याशी किंवा कोलंबोशी नाही, तर स्वतःच्या जिल्ह्याशी स्पर्धा करते. मोनरागलचा सिंहली मुलगाही तसाच. मन्नार, वावुनिया यांसारख्या तमिळबहुल मागास जिल्ह्यांनाही हाच नियम उपयोगी पडला. तोच हेतू, पण मोजपट्टी बदलली आणि न्याय बदलला! आपल्याकडच्या 'होम युनिव्हर्सिटी' कोट्याच्या ओळखीचा हा प्रकार आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या नावाने वैद्यकीय प्रवेशात असलेला ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० साली रद्द झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी किती आरडाओरड झाली ते आठवत असेल. बाजू कुठलीही घ्या, पण घेण्याआधी जिल्हा कोटा म्हणजे काय हे श्रीलंकेइतक्या बारकाईने कुणी वापरून पाहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ही पद्धतही काही सोन्याची नाही. जिल्हा म्हणजे फार मोठी चाळणी. मागास जिल्ह्यातही जिल्ह्याच्या गावी एखादी चांगली शाळा असते आणि कोट्याचा मलिदा तीच खाते, आडगावचा मुलगा तसाच राहतो. कोलंबोच्या झोपडपट्टीतल्या मुलाला रॉयल कॉलेजच्या मुलाशी झुंजावं लागतं, कारण दोघांचा जिल्हा एक! जिल्हा कोटा आला तो तात्पुरता म्हणून, शाळा सुधारेपर्यंत. पन्नास वर्षं होऊन गेली, कोटा आहे आणि शाळांमधली दरीही आहे. झुकतं माप हे औषध आहे, जेवण नाही. ते देऊन सरकारने शाळा सुधारायचं काम विसरायचं, हे तिथे झालं आणि आपल्याकडेही होतं.

इंजिनिअर मंडळींसाठी खास एक किस्सा. वेगवेगळ्या विषयांचे पेपर कमी-जास्त अवघड निघतात, म्हणून २००१ पासून तिथे कच्च्या मार्कांऐवजी झेड-स्कोअर धरतात. मार्कांतून सरासरी वजा करायची, प्रमाण विचलनाने भागायचं, बस! एम-थ्रीत रट्टा मारून सोडून दिलेलं प्रकरण. २०११ च्या ए लेव्हलला जुना आणि नवा असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी होते. परीक्षा खात्याने दोन वेगळ्या गटांचा झेड-स्कोअर एकत्र काढला. आता सांगा, दोन वेगळे पेपर, दोन वेगळे समूह, त्यांची सरासरी एक कशी? पोरं कोर्टात गेली. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रद्द करून पुन्हा मोजायला लावलं. तोपर्यंत हजारोंचं प्रवेशाचं गणित लटकलेलं. आपली सीईटीही आता वेगवेगळ्या शिफ्टमध्ये आणि पर्सेंटाइलमध्ये असते. सूत्र लिहिणारा बहुतेक कुणीतरी आपल्यासारखाच पदवीधर असतो. त्याने समूह कुठला धरला यावर कुणाच्या तरी पोराचं आयुष्य ठरतं. 'हे तर नुसतं स्टॅट्स' असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली हा किस्सा वाजवावा!

सीट मिळाली, म्हणजे संपलं का? नाही. आतही एक दार असतं.

शाळा सिंहली-तमिळमध्ये फुकट शिकवली, पण इंजिनिअरिंग आणि मेडिकल इंग्रजीतच राहिलं. खेड्यातून आलेला हुशार मुलगा पेराडेनियाला पहिल्या लेक्चरला बसतो आणि त्याला निम्मं कळत नाही. त्या मुलांनी इंग्रजीला एक नाव ठेवलं आहे, 'कडुव'. सिंहलीत कडुव म्हणजे तलवार. जी तुमच्या हातात असली तर तुम्ही राजे आणि नसली तर ती तुमच्याच मानेवर! मित्रांनो, सेमी-इंग्रजी आणि मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज आहे का? ओरलला उत्तर येत असून तोंडातून वाक्य फुटत नाही, एक्स्टर्नल वर बघतात, आणि हात घामाने भिजतो. ती तलवारच.

मग या तलवारीवर तिथल्या सीनियरांनी काढलेला उपाय काय? रॅगिंग! गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकसारखं वाकवायचं, कपडे साधेच घालायचे, इंग्रजी झाडायची नाही, म्हणजे सगळे 'समान' झाले, असं त्याचं समर्थन तिथे आजही केलं जातं. या समानतेची किंमत बघा. १९७५ साली पेराडेनियाच्या होस्टेलमध्ये एका मुलीने छळ टाळायला वरच्या मजल्यावरून उडी मारली, ती आयुष्यभरासाठी अपंग झाली. १९९७ साली तिथल्याच इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे जीव गेला. मग १९९८ साली त्यांनी रॅगिंगविरोधी कायदा केला. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. कायदे आले, पण 'ज्युनियरला माणसात आणायचं' ही भाषा दोन्हीकडे जिवंत आहे. दुर्बळाला आणखी दाबून समता येत नाही, हे कळायला कायदा कशाला लागतो?

आणि 'फुकट' या शब्दाचंही एकदा ऑडिट करू. फी नाही, पण ए लेव्हल म्हटलं की ट्यूशन आलीच. नामांकित ट्यूशन सरांची मोठमोठी पोस्टर्स, हॉलमध्ये शेकडो पोरं आणि माईकवर शिकवणं, हे तिथलं रोजचं दृश्य. पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठीसुद्धा दहा वर्षांची लेकरं ट्यूशनला! जी परीक्षा गरिबाला वर आणायला काढली, तीच पैसेवाल्यांची शर्यत झाली. विद्यापीठातल्या गरिबांना १९८१ पासून 'महापोल' शिष्यवृत्ती आहे, पण तिची पुंजी महागाईपुढे थिटी. शिक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा म्हणून तिथल्या प्राध्यापकांनी २०१२ साली तीन महिने संप केला. खर्च तेव्हा दोन टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ साली हाच सहाचा आकडा सांगितला होता, आपणही अजून पोचलेलो नाही! मार्च २०२२ मध्ये परकीय चलन संपलं, तेव्हा कोलंबो ज्या पश्चिम प्रांतात आहे तिथे शाळांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण पेपर छापायला कागदच नव्हता. त्या संकटानंतर फुकट शिकलेले डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने परदेशी गेले. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण घरात दिवे नाहीत, गाडीत पेट्रोल नाही, तर माणूस काय करणार? तरीही ज्या चहामळ्यातल्या मजुराच्या करातून ती सीट भरली गेली, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. आणि तो जी.आर.ई.चा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे, मग त्याची सीट सरकारी अनुदानाची असो की नसो.

मग श्रीलंकेकडून घ्यायचं काय? मला तीन गोष्टी वाटतात.

पहिली, सीटबद्दल बोलण्याआधी नियम वाचा. आपल्या कॅप राउंडचं माहितीपत्रक आपण फक्त स्वतःच्या ऑप्शन फॉर्मपुरतं वाचतो. कुठल्या कोट्यामागे कुठली वंचना आहे हे माहीत नसताना शेजारच्या रूममधल्या मुलाला 'किती स्कोअर होता रे?' असं विचारणं ही चौकशी नसते, ती टोचणी असते. नियम चुकीचा वाटला तर नियमाशी भांडा, मुलाशी नाही. २२७ आणि २५० ची मर्यादा ठरवली सरकारने, पण त्यावरून एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली ती एका बाकावर बसणारी पोरं.

दुसरी गोष्ट सर आणि मॅडमसाठी, नम्रपणे. सीट देऊन कॉलेजचं काम संपत नाही. पहिल्या सेमिस्टरला मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आठवड्यातून दोन तास वेगळे ठेवले, ओरलमध्ये 'मराठीत सांग, मग इंग्रजीत लिहून दाखव' एवढी मुभा दिली, तर किती एटीकेट्या वाचतील! २०२१ पासून आपल्या देशात भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी आहे, पुण्यात मराठीतून एक तुकडी सुरूही झाली. ते यशस्वी होईल न होईल, पण तलवारीची धार बोथट करायचं काम कुठल्याही वर्गात आजपासून सुरू करता येतं.

तिसरी, जागा वाढवा आणि खालच्या शाळा सुधारा, ही मागणी कोट्याच्या वादात विसरू नका. थाळीत भाकरी एकच असली की सगळे एकमेकांच्या हाताकडे संशयाने बघणारच. श्रीलंकेने भाकरी वाटायच्या पद्धतीवर पन्नास वर्षं डोकं लावलं आणि पीठ मळायला मात्र वेळ काढला नाही.

कन्नंगरांनी खेड्यातल्या पोराला होस्टेल दिलं ते तो तिथून साहेब होऊन बाहेर पडावा म्हणून. आपणही अशाच एका होस्टेलात राहतो. शेजारच्या कॉटवरचा मुलगा कुठल्या यादीतून आला हे चार वर्षं चघळायचं, की चार वर्षांत तो आणि आपण दोघंही पास होऊन बाहेर कसे पडू हे बघायचं, एवढं ठरवायला कुठल्याही सरकारच्या जी.आर.ची गरज नाही.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी